लुथरन उपासनेची पद्धत: मोकळीक कोणाची, आणि कुठपर्यंत?

सांजदिवा

मी मूळची नगरची. आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणायची, हीच माझ्या डोक्यातली उपासना. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन जर्मनीत, झाक्सन प्रांतात आले. गावात एकच चर्च, लुथरन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचं. सुरुवातीला भाषा येत नव्हती. पण पाळक एक ओळ गातात आणि मंडळी पुढची ओळ गाऊन उत्तर देते, हे दर रविवारी तसंच असायचं. त्यामुळे जर्मन यायच्या आधी मला इथली उपासना यायला लागली.

गेल्या महिन्यात मंडळीची सभा झाली. तरुण कुटुंबं येत नाहीत, म्हणून ही गाऊन म्हणायची जुनी पद्धत बंद करावी, पडद्यावर शब्द दाखवावेत, गिटार असावी, प्रार्थना मोकळ्या असाव्यात, असा प्रस्ताव होता. मांडणारा एक तरुण बाप. मनापासून बोलत होता. म्हणाला, आपल्या विश्वासांगीकारातच, म्हणजे पंथाच्या मूळ श्रद्धापत्रातच, लिहिलंय की विधी सगळीकडे सारखे असायची गरज नाही, मग यात श्रद्धेचा प्रश्न येतोच कुठे?

तेव्हा ऐंशी पार केलेल्या एक आजी उठल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ते मोकळं आहे ना, मग माझ्याकडून काढून का घेता?"

या आजींबद्दल सांगायला हवं. पूर्व जर्मनीच्या काळात चौदाव्या वर्षी मुलांनी सरकारी 'युगेंडवायहे' समारंभात राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, अशी अपेक्षा असे. १९५४ नंतर त्याचा दबाव फार वाढला. ती न घेता चर्चमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) घेणाऱ्या कितीतरी मुलांची पुढच्या शिक्षणाची वाट बंद झाली. आजी त्यांतल्या एक. शाळा सुटली, पण रविवारची 'क्यूरिए' (हे प्रभो, दया कर) सुटली नाही.

तेव्हापासून मी हेच वाचतेय. १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार हा लुथरन मंडळ्यांचा पाया. त्याचं ७ वं कलम म्हणतं की मंडळीच्या एकीसाठी शुभवर्तमानाच्या (ख्रिस्ताच्या संदेशाच्या) शिकवणीवर आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन या संस्कारांवर एकमत झालं की पुरे. माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे एकसारख्या असणं जरुरीचं नाही. म्हणजे त्या तरुणाचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण १५ वं कलम म्हणतं, ज्या रीती पाप न करता पाळता येतात आणि ज्यांनी शांतता व शिस्त राहते, त्या पाळाव्यात, फक्त त्यांनी तारण मिळतं असं मानू नये. २४ व्या कलमात तर, आम्ही मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) मोडीत काढली हा आरोप खोटा आहे, उलट आमच्याकडे ती अधिक आदराने होते, असं ठासून सांगितलंय.

मला जे सापडलं ते असं: पद्धत मोकळी आहे हे खरं, पण ही मोकळीक एकाने दुसऱ्यावर चालवायची सत्ता म्हणून दिलेली नाही. जाणकारांनी लिहावं. विशेषतः मी चुकत असेन तर.

आडवाट

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्राथमिक प्रश्न विचारतो. 'पद्धत मोकळी' म्हणजे नक्की काय काय मोकळं? आमच्याकडे वारकऱ्याला माळ मोकळी आहे असं कोणी म्हणालं तर तो चमकेल. मेणबत्त्या, झगे हे समजू शकतो. बाप्तिस्म्याचं पाणीसुद्धा मोकळं का?

सांजदिवा

आडवाटदादा, पाणी नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही ख्रिस्ताची आज्ञा, त्यात मोकळीक नाही. पाणी डोक्यावर ओतायचं की बुडवायचं, हे मोकळं. भाकर आणि द्राक्षारस ठरलेले. पाळकाने पांढरा झगा घालायचा, काळा, की साधे कपडे, हे मोकळं. देवाने ज्याची आज्ञाही केली नाही आणि मनाईही केली नाही, अशा गोष्टींना ग्रीकमधून आलेला 'अदियाफोरा' शब्द वापरतात. सगळा वाद या शब्दाभोवती फिरतो.

घाटमाथा

ताई, तुमचं लिखाण आवडलं, पण पायाच मला मान्य नाही. पद्धत मोकळी असते हे म्हणणं पुस्तकात ठीक. लहान मूल सिद्धांत वाचत नाही. ते बघतं, की आई गुडघे टेकते, आवाज खाली येतो, भाकर वर उचलली जाते. त्यातून त्याला कळतं की इथे कोणीतरी आहे. तेच मूल तासभर मंचावरचे दिवे आणि वाद्यवृंद पाहील, तर उपासना म्हणजे कार्यक्रम आणि आपण प्रेक्षक, असं शिकेल. शब्द तेच असले तरी.

अमेरिकेतल्या मिसूरी सिनड या लुथरन संघाचं उदाहरण घ्या. १८४७ पासूनची संस्था. त्यांच्या घटनेत मंडळ्यांनी सिद्धांताला शुद्ध अशीच उपासनापुस्तकं आणि गीतपुस्तकं वापरावीत, अशी सदस्यत्वाची अट आहे. पद्धत आणि श्रद्धा यांचा संबंध नसता तर ही अट कशाला? मी स्वतः ज्या शहरात राहतो तिथल्या एका मंडळीत दहा वर्षांत हे बदल होताना पाहिले. आधी उपासनेतला पापांगीकार (पापांची कबुली) गेला, लांबतो म्हणून. मग सगळे मिळून म्हणायचा विश्वासांगीकार गेला. प्रत्येक वेळी वाक्य एकच, ही फक्त पद्धत आहे.

सांजदिवा

घाटमाथा, तुमचा पापांगीकाराचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तो जाणं ही पद्धतीची गोष्ट नव्हतीच, आशय गेला. पण जुनं आहे म्हणून ते बंधनकारक, इथवर मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही, आणि त्याला कारण खुद्द लुथर आहे.

१५२१ च्या नाताळात लुथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाट याने याजकी वस्त्रं न घालता, जर्मन शब्दांत, लोकांच्या हातात भाकर आणि प्याला देऊन प्रभुभोजन केलं. पुढच्या महिन्यांत मूर्ती, चित्रं हटवण्याचा हुकूम निघाला, गोंधळ झाला. लुथर मार्च १५२२ मध्ये परतला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस त्याने प्रवचनं केली. गंमत म्हणजे कार्लश्टाटच्या बहुतेक बदलांशी तो सहमतच होता. त्याचा राग सक्तीवर होता. आई बाळाला आधी दूध देते, मग पेज, मग मऊ अन्न. तुम्ही स्वतः दूध पिऊन मोठे झालात आणि भावाला दूध मिळू देत नाही, असा त्याचा रोख होता.

आणि भाकर वर उचलण्याबद्दल. कार्लश्टाट म्हणे ते पाप आहे. म्हणून लुथरने ते मुद्दाम चालू ठेवलं, कारण जे मोकळं आहे त्याला कोणी पाप ठरवू लागला तर मोकळीक वाचवायला ते करावं लागतं. पुढे १५४२ मध्ये विटेनबर्गमध्ये ते बंद झालं, तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. एकच कृती, एकदा ठेवली, एकदा सोडली, आणि दोन्ही वेळा कारण मोकळीकच.

१५२६ च्या जर्मन मिस्साच्या प्रस्तावनेत तर तो हात जोडून सांगतो की याचा कायदा करू नका. शेवटी म्हणतो, पद्धतीचा गैरवापर होऊ लागला तर ती टाका, बायबलमधल्या हिज्कीया राजाने लोक पूजू लागलेला पितळेचा साप फोडला तशी. जुना जोडा चावायला लागला की आपण नवा घेतो. त्याच प्रस्तावनेत तो असंही म्हणतो की लॅटिन पूर्ण बंद करायची नाही. ग्रीक आणि हिब्रूही तितक्याच ओळखीच्या असत्या, तर आळीपाळीने चारही भाषांत उपासना केली असती. मुलांसाठी. ज्याला सगळं साधं करून टाकायचं आहे, असा माणूस हे लिहिणार नाही.

कृष्णाकाठ

चर्चा चांगली चाललीय. पण लुथर १५४६ मध्ये गेला, आणि खरी कसोटी त्याच्यानंतर लागली.

एप्रिल १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने लुथरन राजांना हरवलं. १५४८ मध्ये त्याने 'इंटेरिम' लादलं. पाळकांची लग्नं आणि सामान्यांना प्रभुभोजनाचा प्याला एवढी सवलत, बाकी बरंचसं पुन्हा रोमच्या, कॅथलिक वळणावर. झाक्सनचा नवा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) मोरित्स सम्राटाच्या मदतीने गादीवर आलेला. त्याने लुथरचा जुना सहकारी मेलांख्थोन वगैरे विद्वानांना मधला मार्ग काढायला सांगितलं. डिसेंबरात लाइपझिगला मसुदा आला. त्याचं तर्कशास्त्र असं: देवापुढे नीतिमान ठरणं श्रद्धेनेच, हे धरून ठेवू. वस्त्रं, उपवासाचे दिवस, सण, तेलाचा अभिषेक हे अदियाफोरा आहेत, ते देऊ. चर्च तरी वाचेल.

मला मेलांख्थोनला खलनायक करायचं नाही. विटेनबर्गचं विद्यापीठ, पाळकांची घरं, सगळं एका माणसाच्या सहीवर टांगलेलं होतं. गाव उठवलं जाणार हे समोर दिसत असताना सरकारी कागदावर अंगठा करणाऱ्या माणसाला आपण एका ओळीत दोषी ठरवत नाही.

पण त्याच विद्यापीठात हिब्रू शिकवणारा फ्लाकियस, वय तिशीच्या आत, इस्त्रियाहून आलेला, १५४९ मध्ये नोकरी सोडून माग्डेबुर्गला गेला. तिथून त्याने छापलेल्या पत्रकांचा पूर आणला. त्याचा एकच मुद्दा: श्रद्धेची कबुली द्यायची वेळ येते आणि दुर्बळांना ठेच लागते, तेव्हा कुठलीही गोष्ट अदियाफोरा उरत नाही. झगा कालपर्यंत मोकळा होता. आज शत्रूच्या हुकमाने घातला, तर बघणारा साधा माणूस समजतो की आपण शिकवण सोडली. १५५०-५१ मध्ये माग्डेबुर्गला वेढा पडला, तो घालणारा मोरित्सच.

हा वाद मिटायला १५७७ उजाडलं. 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' नावाच्या करारनाम्याच्या १० व्या कलमात दोन्ही बाजू आल्या. प्रत्येक ठिकाणच्या देवाच्या मंडळीला आपल्या परिस्थितीप्रमाणे रीती बदलायचा अधिकार आहे, पण उथळपणे नाही आणि कोणाला ठेच लागेल असं नाही. छळाच्या काळात मात्र या गोष्टींतही झुकायचं नाही. आधार बायबलमधल्या प्रेषित पौलाचा. त्याने आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता केली आणि तीताची होऊ दिली नाही. सुंता तीच. तीताच्या वेळी लोक ती तारणाची अट म्हणून मागत होते.

त्यामुळे ताई, तुमच्या आजींच्या प्रश्नात मला तीत दिसतो: जे मोकळं आहे त्यात सक्ती नको.

घाटमाथा

कृष्णाकाठ, हे मला पटलं. माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती करतो. पद्धत 'बंधनकारक' असा माझ्या म्हणण्याचा अर्थ निघायला नको होता. ती शिकवते, म्हणून ती बदलताना काय शिकवलं जाणार हे आधी पाहावं. एवढ्यावर मी उभा आहे.

प्रशियाचंही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. तिथल्या तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाने १८१७ मध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या वळणाच्या) मंडळ्या एकत्र आणायचं जाहीर केलं आणि मग स्वतः रस घेऊन एक उपासनापुस्तक घडवलं. त्यात मेणबत्त्या, क्रूस, जुन्या प्रार्थना सगळं होतं. आमच्यासारख्यांना आवडेल असं. तरी सायलेशियातल्या लुथरनांनी ते नाकारलं, कारण प्रभुभोजनाबद्दलचा फरक त्यात पुसला जात होता आणि ते राजाच्या हुकमाने येत होतं. ह्योनिगर्न गावात लोक चर्चला पहारा देऊन बसले. १८३४ च्या नाताळात लष्कर आणून दार उघडलं गेलं. १८३८ मध्ये असाच नकार देणाऱ्या काही लुथरन गावांतले लोक पाळकासकट जहाजात बसून दक्षिण ऑस्ट्रेलियाला गेले. ॲडलेडजवळच्या क्लेमझिगची वस्ती त्यांची.

म्हणजे सुंदर पद्धतही सक्तीने आली की नाकारावी लागते. हे लिहिताना मला सोपं जात नाहीये.

कावेरीतीर

मी तंजावरची मराठी. आमचं घर सरफोजी राजांच्या काळापासून तिथलं. या धाग्यावर भारतातलं उदाहरण आलं नाही, आणि ते आपल्या मराठी इतिहासाला चिकटलेलं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

१७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाव हे दोघे जर्मन लुथरन तरंगमबाडीला उतरले. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले. त्याच परंपरेतले श्वार्ट्झ पुढे तंजावरला आले. सरफोजी महाराजांच्या लहानपणीचे ते गुरू. त्यांच्या मृत्यूनंतर महाराजांनी लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं. मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि शेजारी मराठा राजा. ते आजही तिथल्या चर्चमध्ये आहे, मी लहानपणी त्याच्यासमोर कितीदा उभी राहिलेय.

श्वार्ट्झांचा दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री, १७७४ ते १८६४. तमिळ ख्रिस्ती कवींत अग्रणी, आणि राजांचा आश्रय लाभलेला. त्याने बेथलेहेमची कथा कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकारात रचली. आपली कुरवंजी तंजावरच्या मराठी दरबारातही होतीच. जुन्या लुथरन मिशनऱ्यांना या गाण्यांत वावगं दिसलं नाही. पुढे तंजावरचं मिशन इंग्लंडच्या संस्थेकडे गेलं आणि नवे मिशनरी आले. १८२९ च्या सुमारास शास्त्रींनी त्यांच्याविरुद्ध लिहिलेली तक्रार प्रसिद्ध आहे. आमचं जुनं भाषांतर बदलताय, लग्नात-सणात फुलं बंद करताय, तमिळ गीतं आणि वाद्यं उपासनेतून काढताय.

इथपर्यंत वाचून मी शास्त्रींच्या बाजूने आहे. फुलं आणि कर्नाटक राग यांना देवाने कुठे मनाई केलीय? हे लुथरच्या जोड्याचंच उदाहरण, परदेशी माप आमच्या पायात कोंबायचं.

पण तक्रारीत आणखी एक कलम होतं. आम्हाला इतर जातींबरोबर मिसळायला लावताय. चर्चमध्ये जातीजातींनी वेगळं बसणं ही इथली सामाजिक रीत आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी जात ताबडतोब आणि कायमची सोडा असं पत्र काढलं, तेव्हा वेल्लाळ या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतली अनेक कुटुंबं बाहेर पडली. त्यांतले बरेच नंतर १८४० च्या दशकात आलेल्या लाइपझिगच्या लुथरन मिशनकडे गेले, कारण तिथे जातीबद्दल सबुरीचं धोरण होतं. मिशनचे प्रमुख ग्राऊल यांचा युक्तिवाद होता की जात ही नागरी व्यवस्था, ती शुभवर्तमानाने हळूहळू विरेल.

दुर्बळासाठी थांबा, हा लुथरचा दूध-पेजेचा मुद्दा इथे कोणासाठी वापरला गेला? ज्यांना शेजारी दलित बसलेला सहन होत नव्हता त्यांच्यासाठी. त्यांना दुर्बळ म्हटलं गेलं. मागे बसवलेल्याला दूध कोण देणार होतं?

माझ्या लेखी हा कसोटीचा दगड आहे. प्रभूच्या मेजाशी कोण कुठे बसतो ही पद्धत नव्हेच. अंत्युखियात प्रेषित पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचं टाळू लागला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर धरलं. हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात आहे, दुसऱ्या अध्यायात, तीताच्या गोष्टीच्या पाठोपाठ. मोकळीक म्हणून जे सांगितलं जातं त्याची किंमत कोण मोजतो, हे मी आधी पाहते.

आडवाट

कावेरीतीर, हे वाचून थांबलो. एकाच तक्रारअर्जात फुलं आणि जात शेजारी शेजारी, आणि लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटत होती. आतल्या माणसाला हा फरक दिसणं किती अवघड असतं.

मुळाकाठचा

मी नगरचाच, सांजदिवाताई. आमच्या आजोबांच्या पिढीला चर्चमध्ये टाळ-मृदंग नको होता. जुन्या देवळाची आठवण येते म्हणायचे. टिळकांनी अभंग, ओव्या, कीर्तन उपासनेत आणलं तेव्हा अनेकांना ते जड गेलं असणार. आमची मंडळी काही लुथरन नव्हे, अमेरिकन मराठी मिशनची. पण कावेरीतीर यांचं वाचून आजोबांचं म्हणणं मला नव्याने कळलं. ज्या देवळात त्यांना पायरीच्या वर जाऊ दिलं नव्हतं, त्याच्या टाळांचा आवाज त्यांना नको होता. मी आजवर त्यांना कर्मठ समजत होतो.

सांजदिवा

मुळाकाठचा दादा, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या आजीनेही मृदंग वाजला की पदर तोंडाला लावलेला मला आठवतो. कधी विचारलं नाही.

कावेरीतीरताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्या पहिल्या लेखात एक भोक होतं ते आता दिसतंय. मी लिहिलं की एकाने दुसऱ्यावर सत्ता चालवू नये. पण ग्राऊल हेच म्हणाले असते, जातवाल्यांवर सक्ती नको म्हणून. आधी हे ठरवायला हवं की समोरची गोष्ट खरोखर मोकळी आहे का. जात नव्हती. आमच्या गावातली गिटार आहे. आजींची क्यूरिएही आहे, आणि हे मला त्यांना सांगावं लागेल, कारण त्या ती न सोडण्याला आता जवळजवळ श्रद्धाच मानतात. त्यांच्यावर जे झालं त्यानंतर ते साहजिक आहे. पण हा तरुण बाप म्हणजे ते सरकार नव्हे.

१५३९ मध्ये लुथरने बर्लिनच्या एका पाळकाला लिहिलेलं पत्र सापडलं. तिथला इलेक्टर मिरवणुका, उंची झगे ठेवायचा हट्ट धरून होता, पाळक अस्वस्थ. लुथरने लिहिलं, शुभवर्तमान शुद्ध राहू देतात ना? मग एक झगा पुरत नसेल तर तीन घाला, एक मिरवणूक पुरत नसेल तर यहोशवाने यरीहो शहराभोवती काढल्या तशा सात काढा. फक्त ते तारणासाठी आवश्यक करू नका. मी हे पत्र दोघांनाही वाचून दाखवणार आहे.

कृष्णाकाठ

जरूर. आणि सभेत मतदान टाळता आलं तर टाळा. एक मत जास्त पडलं म्हणून दुसऱ्याची प्रार्थना बंद, हेही हुकमासारखंच लागतं.

सांजदिवा

पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण काहींनी निरोपातून विचारलं.

मतदान झालं नाही. तो तरुण स्वतः आजींकडे गेला. मीही होते, केक घेऊन. पत्र वाचलं. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की आपल्याला कोणीतरी विचारावं एवढंच त्या दिवशी हवं होतं. मी धीर करून म्हटलं, क्यूरिए गायली नाही म्हणून कोणी तारणाला मुकत नाही. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. तू तरी शिकलीस ना ती?"

आता असं चाललंय: क्यूरिए आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' जुन्या चालीवर, ऑर्गनवर. पापांगीकार आणि विश्वासांगीकार जसेच्या तसे. (घाटमाथा, हे तुमच्यासाठी.) स्तोत्र आणि प्रभुभोजनाच्या वेळची गीतं गिटारवर. लहान मुलांना क्यूरिए शिकवायला आजी शनिवारी येतात. सगळ्यांना हे आवडलेलं नाही. एक कुटुंब शेजारच्या गावी जाऊ लागलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

परवा सरावाला गिटारवाल्या मुलाने स्तोत्र धरलं. आजी पुढच्या बाकावर होत्या. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता पुन्हा वाद. त्या म्हणाल्या, माझा आवाज एवढा वर पोचत नाही, पट्टी खाली घे.

त्याने घेतली.